‘कार्मिना बुराना’ची मूळ गीते पुन्हा श्रोत्यांसमोर : एका गायनसमूहाचे प्रकरण

पार्श्वभूमी

१८०३ साली बव्हेरियातील मठांची मालमत्ता सरकारजमा होत असताना बेनेडिक्टबॉयर्न येथील मठाच्या ग्रंथालयात योहान क्रिस्टोफ फॉन आरेटिन यांना एक जुने हस्तलिखित सापडले. १२३० च्या सुमारास लिहिलेले हे बाड मठात मिळाले असले, तरी त्यात स्तोत्रांपेक्षा प्रेम, वसंत, दारू, जुगार आणि दैवाचे फेरे यांवरची गीतेच अधिक होती. धर्मपीठाच्या पैशाच्या हव्यासावर तुटून पडणाऱ्या रचनाही होत्या. आजच्या मोजणीनुसार त्यात २५४ रचना आहेत. बहुतेक लॅटिनमध्ये आहेत, काही मध्ययुगीन जर्मनमध्ये, आणि मोजक्या रचनांत एक ओळ जर्मन तर पुढची लॅटिन अशी दोन भाषांची वीण आहे. योहान आंद्रेआस श्मेलर यांनी १८४७ मध्ये हा संग्रह छापला आणि त्याला ‘कार्मिना बुराना’ हे नाव दिले. हस्तलिखित आता म्युनिकच्या बव्हेरियन राज्य ग्रंथालयात आहे. ते मुळात बेनेडिक्टबॉयर्नमध्ये लिहिले गेले नसावे, त्याहून दक्षिणेला, टिरोल किंवा स्टायरिया या आल्प्समधील प्रदेशांत कोठेतरी लिहिले गेले असावे, असे आता मानले जाते.

जगाला हे नाव ठाऊक झाले ते मात्र जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ यांच्यामुळे. त्यांनी या संग्रहातील २४ रचना निवडल्या, त्यांना सर्वस्वी स्वतःचे संगीत दिले आणि ८ जून १९३७ रोजी फ्रँकफर्ट येथे त्याचा पहिला प्रयोग झाला. प्रचंड गायकवृंद, मुलांचा वेगळा वृंद आणि गरजणारी तालवाद्ये यांतून उभी राहिलेली ती कृती विसाव्या शतकाची आहे. तेराव्या शतकातील कोणतीही चाल तिच्यात नाही. ऐकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे माहीत असते, आणि या प्रकरणातील बऱ्याच गुंतागुंतीचे मूळ तेथेच आहे.

येथे वर्णन केलेला गट दक्षिण जर्मनीतील एका लहान शहरातला आहे. पाच गायक-वादक, त्यांतील काहींचे पोट संगीतावर चालते, काही जण नोकरी सांभाळून गातात. हार्प, मध्ययुगीन पद्धतीचे गजाने वाजवायचे तंतुवाद्य आणि एक डफ एवढीच त्यांची वाद्ये. गटाचे, व्यक्तींचे आणि महोत्सवाचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही. तालमींची टिपणे ठेवणे आणि गीतांचे गद्य अनुवाद तपासणे ही कामे माझ्याकडे असल्यामुळे निर्णय कसे होत गेले ते मला जवळून पाहता आले. तोवर हा गट मुख्यतः मध्ययुगीन धर्मसंगीत गात असे. एका उन्हाळी महोत्सवाच्या आयोजकांनी त्यांना ‘ऑर्फच्या आधीचे कार्मिना बुराना’ सादर करण्याचे निमंत्रण दिले, आणि जाहिरातीत त्या नावाचा उपयोग होणार हेही सांगून टाकले.

अडचण

हस्तलिखित उघडावे, त्यातले स्वर वाचावेत आणि गावे, अशी आयोजकांची कल्पना होती. प्रत्यक्षात संग्रहातील थोड्याच गीतांवर स्वरचिन्हे आहेत, आणि जिथे आहेत तिथेही ती स्वराची उंची दाखवणाऱ्या आडव्या रेषांवर मांडलेली नाहीत. शब्दांच्या वरच्या मोकळ्या जागेत बारीक लेखणीने काढलेल्या तिरप्या रेघा, बाक आणि ठिपके आहेत. एखाद्या अक्षरावर सरळ रेघ असली तर एक स्वर. वर चढून खाली वळलेला बाक असला तर दोन स्वर, पहिला उंच आणि दुसरा त्याहून खालचा. पण किती खालचा, हे चिन्ह सांगत नाही. सुरुवात कोणत्या स्वरावर करायची, हेही सांगत नाही, आणि लयीबद्दल त्यात काहीच नाही. ज्याला चाल आधीच पाठ आहे त्याला कोणत्या अक्षरावर किती स्वर घ्यायचे याची आठवण करून देणे, इतकेच त्या चिन्हांचे काम होते. आज ती चाल कोणालाच पाठ नाही.

दुसरी अडचण श्रोत्यांची होती. आयोजकांना कार्यक्रमाची सुरुवात ‘ओ फोर्तुना’ने, म्हणजे ऑर्फ यांच्या कृतीच्या आरंभी येणाऱ्या दैवावरच्या प्रसिद्ध गीताने हवी होती, कारण तिकिटे घेणारे लोक त्या दोन शब्दांसाठीच येणार होते. शिवाय लॅटिन समजणारा श्रोता आता विरळा, आणि आठशे वर्षांपूर्वीची जर्मन आजच्या जर्मन माणसालाही अर्धीमुर्धीच कळते. ज्या गीतांचा सगळा जीव शब्दांतल्या उपहासात आहे, ती केवळ सुरांवर किती तग धरतील, हा प्रश्न पहिल्या तालमीपासून होता.

समोरचे पर्याय

चालीसाठी चार वाटा होत्या. पहिली, तीच रचना दुसऱ्या एखाद्या हस्तलिखितात रेषांवरच्या स्वरलेखनासह सापडते का ते पाहणे. यातली काही लॅटिन गीते पॅरिसमध्ये गायली जात होती आणि तेथे तयार झालेल्या, आता फ्लोरेन्सच्या लॉरेन्झियाना ग्रंथालयात असलेल्या मोठ्या हस्तलिखितात ती नीट वाचता येतील अशा रीतीने उतरलेली आहेत. दुसरी वाट, गीत जुन्याच एखाद्या चालीवर रचलेले असेल तर ती मूळ चाल शोधणे. तिसरी, रेषांविनाच्या चिन्हांवरून आणि त्या काळच्या इतर गीतांच्या चलनावरून नवी चाल बांधणे. चौथी, चाल न देता शब्द केवळ म्हणून दाखवणे.

यातील दुसरी वाट मराठी वाचकाला परकी वाटू नये. आपल्या जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून कोणत्या तरी परिचित पदाचे किंवा लावणीचे पहिले शब्द दिलेले असतात. त्या काळच्या वाचकाला तेवढ्यावर पद गाता येई, आणि आज ती मूळ लावणी विस्मरणात गेली की तो निर्देश मुका होतो. लॅटिन गीतांच्या शेवटी अनेकदा एखादे जर्मन कडवे जोडलेले आढळते, त्यातील काही कडव्यांचे काम असेच चालीकडे बोट दाखवण्याचे असावे.

सादरीकरणाबद्दलही मतभेद होते. १९६० च्या दशकात म्युनिकमध्ये थॉमस बिंकली यांच्या ‘स्टुडिओ डर फ्रुहेन मुझीक’ या गटाने यातील गीते ध्वनिमुद्रित केली, तेव्हा अरबी-अंदालुसी संगीतातून घेतलेली वाद्ये, आलापासारखी वादनाची प्रास्ताविके आणि तालाची साथ यांनी श्रोत्यांना थक्क केले. त्यानंतर कित्येक गटांनी तोच मार्ग धरला. ते वादन विलक्षण होते असे मला आजही वाटते. पण हस्तलिखितात त्यासाठी फारसा आधार नाही, हेही खरे आहे. गटातील तंतुवादकाला भरगच्च वाद्यमेळ हवा होता. दोन्ही गायिकांचे म्हणणे असे, की शब्द ऐकू आले नाहीत तर ही गीते मेलीच समजा.

निर्णय आणि कृती

पहिला निर्णय ‘ओ फोर्तुना’चा झाला. या रचनेसाठी गटाला विश्वास ठेवावा अशी, रेषांवर वाचता येणारी मध्ययुगीन चाल मिळाली नाही. एका गायकाने नवी चाल बांधण्याची तयारी दाखवली. ती बांधली असती तर आयोजकही खूश झाले असते. परंतु ऑर्फ यांचे सूर श्रोत्यांच्या कानात इतके पक्के बसलेले असताना त्या शब्दांवर दुसरी बेतलेली चाल ‘मूळ’ म्हणून ऐकवणे गटाला योग्य वाटले नाही. संग्रहात दैवावरच्या रचना एकत्र येतात आणि त्यांतच ‘ओ वारिउम फोर्तुने लुब्रिकुम’ ही आहे, जिची एकल गायनाची चाल फ्लोरेन्सच्या हस्तलिखितात टिकून आहे. दैव निसरडे आहे, ते धुळीतल्याला उचलते आणि सिंहासनावरच्याला खाली खेचते, हाच तिचाही आशय. म्हणून असे ठरले, की ‘ओ फोर्तुना’ अंधारात, कोणत्याही साथीविना, फक्त म्हणून दाखवायची आणि तिच्या शेवटच्या शब्दाला जोडून ‘ओ वारिउम’ गायची. आयोजकांना हे पटायला वेळ लागला. त्यांना गटप्रमुखाने जे सांगितले ते मला महत्त्वाचे वाटते : जाहिरातीने जे वचन दिले आहे ते आम्ही मोडत नाही, त्यातला ‘आधीचे’ हा शब्द आम्ही शब्दशः घेत आहोत.

‘प्रोकुरान्स ओदिउम’ या गीताबाबत फारशी चर्चा झाली नाही. निंदकांचा डाव त्यांच्यावरच उलटतो आणि प्रेमिकांचे फावते, असे हे गीत पॅरिसकडच्या स्वरलेखनात तीन आवाजांत मिळते, आणि त्याच चालीवर ब्लोंदेल द नेल या फ्रेंच कवीचे प्रेमगीतही आहे. गटाने ते तीन आवाजांत गायले.

खरी परीक्षा ‘आल्ते क्लामात एपिकुरुस’ने पाहिली. या गीतात प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस मोठ्याने पुकारतो की भरलेले पोट म्हणजेच निश्चिंती. पोट हाच माझा देव, स्वयंपाकघर हे त्याचे मंदिर, आणि तिथे दैवी सुगंध दरवळतात. याच्या शेवटी हस्तलिखितात वाल्थर फॉन डेर फोगेलवायडे या मध्ययुगीन जर्मन कवीच्या प्रसिद्ध पॅलेस्टाइन-गीताचे पहिले कडवे जोडलेले आहे. त्यात यात्रेकरू म्हणतो की माझ्या पापी डोळ्यांना ती भूमी दिसली, आता कुठे माझे जगणे मोलाचे झाले. वाल्थरच्या या गीताची चाल म्युन्स्टर येथे १९१० मध्ये सापडलेल्या हस्तलिखिताच्या तुकड्यात रेषांवर लिहिलेली मिळाली. लॅटिन गीत त्याच चालीवर म्हटले जात असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तसे असेल तर सगळी गंमत त्या जोडणीत आहे : पवित्र भूमीच्या दर्शनाची चाल, आणि शब्द मात्र रटरटणाऱ्या भांड्यांसमोर हात जोडणाऱ्या खादाडाचे.

पण शब्द चालीवर बसवताना दोन जागी अडले. वाल्थरच्या कडव्यात सात ओळी आहेत, लॅटिन कडव्यात सहा. शिवाय वाल्थरची दुसरी ओळ सात अक्षरांवर संपते, तर लॅटिनची प्रत्येक ओळ आठ अक्षरांची आहे आणि तिचे शेवटचे अक्षर बिनआघाताचे आहे. दुसरी अडचण सोपी होती : ओळीच्या अखेरचा स्वर दोनदा घेऊन जादा अक्षर त्यावर अलगद टेकवले. सातव्या ओळीचे काय करायचे, यावर मात्र एक संपूर्ण तालीम गेली. चालीचा एक तुकडा गाळावा, असे एकाचे मत होते. परंतु या चालीची शेवटची ओळ सुरुवातीच्या भागाच्या अखेरीकडे परत येते, आणि ते परतणे गाळले तर कडवे अधांतरी राहते. हे गाऊन पाहिल्यावर सर्वांना ऐकू आले. म्हणून सहावी लॅटिन ओळच पुन्हा म्हणून सातवा तुकडा भरला. ‘जिथे दैवी सुगंध दरवळतात’ ही ओळ दुसऱ्यांदा आली की खादाडाची तृप्ती अधिकच ठसते, हा फायदा अनपेक्षित होता. हार्पवादकाने तालमीत एक आक्षेप नोंदवला तो मी टिपून ठेवला आहे : इतकी ओढाताण करावी लागते, यावरून हे गीत या चालीचे नसावे असाही अर्थ निघतो. आक्षेप फेटाळला गेला नाही. निवेदनात तो श्रोत्यांना सांगायचे ठरले.

यानंतरचा निर्णय मला संपूर्ण प्रकरणात सर्वांत मोलाचा वाटतो. हस्तलिखितातील क्रम पाळायचा तर लॅटिन कडवी आधी आणि जर्मन कडवे शेवटी यायला हवे. तेराव्या शतकातल्या श्रोत्याला हा क्रम चालत असे, कारण पहिल्या ओळीतच त्याने चाल ओळखली असती आणि शब्द ऐकून त्याला हसू फुटले असते. आजच्या श्रोत्याने ती चाल कधीच ऐकलेली नसते. त्याच्यासाठी लॅटिन गीत म्हणजे एक सुंदर, गंभीर, जुनाट धून एवढेच. विडंबन ऐकायचे तर ज्याचे विडंबन आहे ते आधी कानात असावे लागते. म्हणून गटाने क्रम उलटा केला. आधी एका गायिकेने वाल्थरचे कडवे एकटीने, संथपणे, यात्रेकरूच्या पूर्ण श्रद्धेने गायले. त्यानंतर थोडा वेळ फक्त हार्पवर तीच चाल वाजली. आणि मग पुरुष गायक एपिक्युरसचे शब्द घेऊन आले. दुसऱ्या कडव्याचा आरंभ ‘एक्त्से देउस’ असा, जर्मन प्रदेशातल्या लॅटिन उच्चाराने केला, इटालियन वळणाच्या ‘एच्चे’ने नव्हे, आणि वाल्थरचे ‘मीन’ आजच्या जर्मनसारखे ‘माइन’ होऊ दिले नाही. कागदापासून दूर जाऊन श्रोत्याच्या जवळ जाण्याचा हा सौदा गटाने डोळसपणे केला, आणि तो बरोबर होता असे माझे मत आहे.

‘इख वास आइन किंत’ या गीतावर सर्वांत कडाक्याचा वाद झाला. यात एक मुलगी आपली कहाणी सांगते. एक ओळ जर्मन, एक लॅटिन. एक पुरुष तिचा हात धरतो, मग वस्त्र धरतो, रस्त्यापासून दूर नसलेल्या लिंडेन वृक्षाखाली तिला घेऊन जातो, आणि शेवटी तिच्यावर जबरदस्ती होते, जी कवीने शिकारीच्या आणि किल्ला सर करण्याच्या भाषेत झाकली आहे. ध्रुपदात ती रस्त्याकाठच्या लिंडेन वृक्षांना शाप देते. या गीताला आज सर्वमान्य अशी मध्ययुगीन चाल नाही, आणि ते सहसा ठेक्यात, टाळ्या घेत, चावट गाणे म्हणून गायले जाते. गायिकेने स्पष्ट सांगितले की ती हे टाळ्यांवर गाणार नाही. एकाने सुचवले की गीत वगळावे. दुसऱ्याचे म्हणणे असे की मध्ययुगात ते हसण्यासाठीच रचलेले होते, आणि आपल्या भावना त्यावर लादणे हाही इतिहासाशी खोटेपणाच आहे.

या युक्तिवादात तथ्य होते. तरीही शब्दांकडे परत गेल्यावर दिसते की ‘मी’ म्हणणारी ती मुलगीच आहे, आणि शाप देणारीही तीच. रचणारा बहुधा शिकलेला पुरुष, ऐकणारेही तसेच. पण गीत ज्या तोंडातून येते त्या तोंडाला नाकारून ते गाता येत नाही. अखेर नव्याने बांधलेल्या, मोजक्या स्वरांत फिरणाऱ्या चालीवर, डफाविना, एकटीने गायचे ठरले. चाल नवी आहे हे गाण्याआधी सांगितले जाणार होते, आणि पूर्ण अनुवाद पत्रिकेत छापला जाणार होता, शेवटच्या कडव्यासह.

परिणाम

महोत्सवातील प्रयोग एका जुन्या मठाच्या कोठारात झाला. ‘ओ फोर्तुना’ नुसती म्हटली गेली तेव्हा सभागृहात कुजबुज झाली. काही जण नाराज झाले आणि मध्यंतरात त्यांनी ती नाराजी बोलूनही दाखवली. ‘आल्ते क्लामात’ मात्र जसे योजले होते तसेच पोहोचले. ‘स्वयंपाकघर’ या शब्दाशी लोक हसले, आणि लॅटिन न येणारेही हसले, कारण छापील अनुवाद हातात होता आणि श्रद्धेची चाल कानात ताजी होती.

लिंडेनच्या गीतानंतर टाळ्या पडल्याच नाहीत. ते मद्यशाळेच्या गीतांच्या लगेच आधी ठेवले होते, आणि त्यानंतर फाशांवर पैसे लावणाऱ्यांची आनंदी गीते गाणे गायकांना जड गेले. ती अवघडलेली, घाईत उरकलेली वाटली. आयोजकांनी नंतर तक्रार केली की या एका गीताने संध्याकाळ बिघडवली. गटातही त्यावर बोलणे झाले, आणि शरद ऋतूतील दुसऱ्या प्रयोगात ते पूर्वार्धाच्या अगदी अखेरीस नेले, म्हणजे त्यामागोमाग मध्यंतर येईल. त्या वेळी श्रोते मध्यंतरात गायिकेशी येऊन बोलले, आणि उत्तरार्धातील मद्यगीते मोकळेपणाने रंगली.

वेगळे काय करता आले असते

जाहिरातीबद्दल आयोजकांशी आधीच सविस्तर बोलायला हवे होते. ‘ऑर्फच्या आधीचे’ या दोन शब्दांत गटाने एक अर्थ वाचला आणि तिकीट घेणाऱ्यांनी दुसरा. पत्रकावर दोन ओळी जास्त असत्या, की येथे मोठा वाद्यवृंद नाही आणि ऑर्फ यांचे संगीतही नाही, तर थोडी तिकिटे कमी खपली असती. पण जे आले असते ते याच गाण्यांसाठी आले असते.

वाद्यांबाबतचा निर्णय अतिसावध झाला असे मला वाटते. शब्द स्पष्ट ऐकू यावेत म्हणून डफ जवळजवळ सर्वत्र गप्प ठेवला गेला, आणि नाचाच्या अंगाने जाणाऱ्या वसंतगीतांत त्याची उणीव भासली. एका प्रकारच्या गीतासाठी केलेला नियम दुसऱ्या प्रकाराला लावण्याचे कारण नव्हते.

केवळ रेषांविनाची चिन्हे असलेली गीते गटाने संपूर्ण वगळली, हे मला सर्वांत खटकते. कोणत्या अक्षरावर किती स्वर आणि ते चढते की उतरते एवढे तरी ती चिन्हे ठामपणे सांगतात. त्या काळच्या गीतांचे चलन अंगात मुरलेला गायक त्यांवरून चाल बांधू लागला तर त्याच्या मनमानीला आपोआप लगाम बसतो. लिंडेनच्या गीताला संपूर्ण नवी चाल चालते आणि निम्मी माहिती हाताशी असलेल्या गीताला मात्र चालत नाही, ही भूमिका टिकणारी नव्हती. पुढच्या हंगामासाठी गटाने असे एक वसंतगीत निवडले आहे. त्यातील प्रत्येक ओळीसाठी दोन-तीन पर्यायी चाली बांधून त्या हस्तलिखिताच्या छायाचित्रातील चिन्हांशी ताडून पाहण्याचे काम सध्या सुरू आहे, आणि पत्रिकेत प्रत्येक गीतापुढे त्याची चाल कोठून आली, किती मिळाली आणि किती बांधली, हे छापायचे ठरले आहे.